बॅन्डसॉवर ईएन ८ चा राऊंड तिरका कापला जातोय, नवीन ब्लेड टाकूनही तेच

शिरोली_जॉबवर्क

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं कटिंग आणि टर्निंगचं छोटं जॉबवर्क आहे. बॅन्डसॉ (पट्ट्यासारख्या ब्लेडची करवत) साधी, सिझर टाईप, म्हणजे एका बाजूला बिजागरीवर उचलणारी आणि सिलिंडरच्या तेलावर हळूहळू खाली उतरणारी. ब्लेड २७ बाय ०.९, एम ४२ बायमेटल (दात कडक हायस्पीड स्टीलचे, पाठ लवचिक स्टीलची), ३/४ टीपीआय म्हणजे इंचाला तीन-चार दात. माल बहुतेक ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील) चा काळा राऊंड म्हणजे गोल बार, ८० पासून १२० एमएम पर्यंत, अधूनमधून पाईप.

प्रॉब्लेम असा आहे की १०० चा बार कापला की कटाच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत दोन-अडीच एमएमचा फरक येतोय. आम्ही फेसिंगसाठी (लेथवर तोंड सपाट करायला) तीन एमएम ठेवून कापतो, त्यात हा तिरकेपणा बसत नाही, लेथवाला रोज डोकं खातोय की एका बाजूला टूल हवेत फिरतं आणि दुसऱ्या बाजूला खोल कट घ्यावा लागतो, आणि पार्टी माल वजनावर मोजून देते त्यामुळे अलाउन्स वाढवला की जास्तीचं मटेरियल आमच्या अंगावर. नवीन ब्लेड टाकलं, पहिले काही कट एकदम झकास आले, मग परत ये रे माझ्या मागल्या. टेन्शन वाढवून बघितलं, थोडा फरक पडला पण पुरेसा नाही. मशीनवरचा पोरगा म्हणतोय ब्लेड डुप्लिकेट आहे, ब्लेडवाला म्हणतोय मशीन बघा. कुणाचं ऐकायचं सांगा राव.

चाकण_फॅब

फीड (ब्लेड खाली उतरायचा वेग) कमी करा आणि दुसऱ्या कंपनीचं ब्लेड टाकून बघा. आमच्याकडे असंच व्हायचं, ब्लेड बदललं की ठीक.

गुण्या_९०

चाकणवाले दादा, ब्लेड बदललं की ठीक होतं हे खरंय, पण कशामुळे ते पण बघा. नव्या ब्लेडचे दात इतके धारदार असतात की मशीनमधली खोट ते झाकून टाकतात. दात जरासे बोथट झाले की खोट परत वर येते. शिरोलीकरांनी स्वतःच लिहिलंय ना, पहिले कट झकास आणि मग तेच.

शिरोलीकर, ब्लेड बाजूला ठेवा आणि आधी एक कापलेला तुकडा हातात घ्या. कापलेल्या तोंडावर एक सरळ पट्टी उभी धरा, म्हणजे ब्लेड ज्या दिशेने खाली उतरलं त्या दिशेत, आणि उजेडाकडे बघा. पट्टीखाली कुठेच फट नाही, तोंड एकदम सपाट आहे पण बाराशी काटकोनात नाही, असं असेल तर सेटिंगचा मामला आहे. मग बार बेडवर नीट बसत नाही, रोलर वरखाली आहे किंवा गाईडमध्ये ब्लेड स्वतःच तिरकं उभं आहे. आणि पट्टीखाली फट दिसली, तोंडाला पोट आलंय किंवा खळगा पडलाय, म्हणजे ब्लेड सरळ निघालं आणि मधेच वाट सोडून गेलं. तो प्रकार वेगळा. तिथे टेन्शन, गाईडचं अंतर, फीड आणि दातांची धार हे चौघे संशयित.

दुसरं, तिरकेपणा उभा आहे की आडवा? वरून खाली फरक असेल तर वर लिहिलंय तसं. पण पुढून मागे, म्हणजे व्हाइसच्या एका जबड्याकडून दुसऱ्याकडे फरक असेल तर ब्लेडचा काहीच संबंध नाही, व्हाइस ब्लेडशी काटकोनात नाही एवढंच. गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) घ्या, एक बाजू व्हाइसच्या पक्क्या जबड्याला लावा, दुसरी ब्लेडला. ब्लेडला लावताना दातांवर टेकवू नका, दात दोन्हीकडे सेट केलेले असतात त्यामुळे माप चुकतं. दातांच्या वरच्या सपाट पट्टीला टेकवा.

आणि तिसरं, कट नेहमी एकाच बाजूला जातो की कधी इकडे कधी तिकडे? हे तीन बघून सांगा, मग बोलू. फोटो टाकलात तर अजून बरं, बुऱ्याचा पण टाका.

शिरोली_जॉबवर्क

गुण्या साहेब, आज दुपारी बघितलं. व्हाइस काटकोनात आहे, पुढून मागे फरक नाही. वरून खालीच आहे. पट्टी लावली तर वरचा साधारण एक इंचभर सरळ आहे आणि तिथून पुढे वळत गेलंय, पट्टीखाली चांगला उजेड दिसतो. आणि नेहमी एकाच बाजूला, मोटरच्या विरुद्ध बाजूला म्हणजे तुकडा पडतो तिकडे. बुरा थोडा भुकटीसारखा आणि मधेच जाड निळसर चिप असं मिक्स येतंय.

अजून एक बघितलं ते लिहितो. ब्लेड धरणारे दोन गाईड आहेत त्यातला मोटरकडचा पक्का आहे आणि दुसरा पुढे-मागे सरकवायचा असतो. त्या सरकणाऱ्या हाताच्या लॉकिंग बोल्टचा आटा गेला होता म्हणून आधीच्या ऑपरेटरने त्याला एका जागी वेल्डिंगचा टाकाच मारून ठेवलाय! त्यामुळे आम्ही ५० चा बार कापा नाहीतर २०० चा चॅनेल, गाईडमधलं अंतर कायम तेच, जवळजवळ पूर्ण उघडं. वरून रंग मारलेला असल्यामुळे लक्षात पण आलं नाही कुणाच्या.

गुण्या_९०

हां, सापडला! टाका मारणाऱ्या ऑपरेटरला माझा दंडवत.

बघा, ब्लेड म्हणजे २७ एमएम रुंद आणि जेमतेम एक एमएम जाड पट्टी. तिला ताठ उभं धरण्याचं काम टेन्शन आणि ते दोन गाईड मिळून करतात. गाईड जॉबपासून जितका लांब तितकं ब्लेड मधे लुळं. अंतर दुप्पट झालं की ताठपणा निम्म्याने नाही, त्याहून खूप जास्त कमी होतो. सरकता गाईड जॉबपासून एक-दीड इंचावर पाहिजे, म्हणजे व्हाइसच्या जबड्याला अगदी घासणार नाही एवढंच. तुमच्याकडे १०० च्या बारला तो वीत-दीड वीत लांब राहतोय असं दिसतंय.

वरचा इंचभर सरळ का येतो ते पण यातच आहे. राऊंडमध्ये सुरुवातीला ब्लेड थोड्याशाच रुंदीत कापतं, मग जसं मध्याकडे येतं तसे जास्त दात एकदम मटेरियलमध्ये जातात, एकूण लोड वाढतो, आणि पट्टीला पाठीमागून आधार कमी पडला की ती आडवी वाकून वाट शोधते. एकदा वाट सोडली की परत येत नाही, कारण कटाची भिंतच तिला त्या दिशेला ढकलत राहते.

टाका ग्राइंडरने कापा, आटा परत मारा किंवा एक साईज मोठा बोल्ट टाका. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पण एवढ्यावर थांबू नका. एकाच बाजूला जातंय याचा अर्थ अजून काहीतरी आहे. अंतर लांब असणं म्हणजे ब्लेडला कुठेही जायची मोकळीक, पण दरवेळी त्याच बाजूला जायला कारण लागतं. दोन कारणं असू शकतात. एक तर गाईडच्या कार्बाईड पॅडपैकी त्या बाजूचं पॅड झिजलंय. मशीन मेनमधून बंद करा, ब्लेडच्या दोन्ही बाजूंनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला, ब्लेड आणि पॅड यात दोन्हीकडचं मिळून ०.०५ पर्यंत ठीक, तुमच्याकडे ०.२ किंवा ०.३ निघालं तर आश्चर्य वाटायला नको. पॅड काढून बघाल तर त्याच्यावर ब्लेडच्या रुंदीची खाच पडलेली दिसेल, नखाला लागते.

दुसरं कारण, एका बाजूचे दात बोथट झालेत. ब्लेडचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे, एक सरळ असे सेट केलेले असतात. डावीकडचे बोथट झाले की उजवीकडचे जास्त कापतात आणि ब्लेड धारेच्या बाजूला ओढलं जातं. हे होतं कशाने? व्हाइसच्या जबड्याला ब्लेड घासलं, कापलेला तुकडा शेवटी तुटून ब्लेडवर पडला, किंवा गॅसने तोडलेल्या टोकाला लागून कट घेतला.

बार यार्डातून गॅसने तोडून येतात का तुमच्याकडे?

शिरोली_जॉबवर्क

हो, सहा मीटरचे बार टेम्पोत बसत नाहीत म्हणून यार्डवालाच गॅसने दोन तुकडे करून पाठवतो. आणि मटेरियल वाया नको म्हणून पोरगा पहिला कट अगदी टोकाला चिकटून घेतो.

गुण्या_९०

झालं मग. ईएन ८ मध्ये कार्बन साधारण ०.४ टक्के. गॅसने लालबुंद झालेलं तोंड आतल्या थंड मटेरियलमुळे झपकन गार होतं आणि तो थर कडक होऊन बसतो. कट त्या थराच्या अगदी कडेने गेला की ब्लेडच्या टोकाकडच्या बाजूचे दात कडक थरात घासतात आणि दुसऱ्या बाजूचे मऊ मटेरियलमध्ये. एकाच कटात एका बाजूची धार गेली. तुकडा पडतो त्या बाजूला गॅसचं टोक होतं ना? म्हणजे त्या बाजूची धार गेली, तरी ब्लेड त्याच बाजूला जातंय, तेव्हा हे मुख्य कारण नाही, पॅडच बघा आधी. पण ब्लेड लवकर संपतंय त्याचं कारण मात्र हेच. टोकापासून तीन-चार सूत आत कट घ्या, तेवढा काप भंगारात गेला तरी ब्लेडपेक्षा स्वस्त.

भोसरी_टूलरूम

गुण्याभाऊंचं बरोबर आहे, पण टेन्शनचा मुद्दा अर्धाच सोडून दिलाय म्हणून लिहितो. "टेन्शन वाढवून बघितलं" म्हणजे नक्की किती वाढवलं? हँडल हाताला जड लागेपर्यंत हे काही माप नाही. हँडलच्या स्क्रूला ग्रीस नसेल तर रिकाम्या ब्लेडलाही ते जडच लागतं.

मीटर नसेल तर साध्या वर्निअरवर होतं. ब्लेड फक्त चाकांवर नीट बसेल एवढंच ताणा, लोंबायला नको. मग २०० एमएम अंतर धरून वर्निअर ब्लेडच्या सपाट बाजूला दोन छोट्या सी क्लॅम्पने पकडा, एक क्लॅम्प पक्क्या जबड्यावर, एक सरकत्या जबड्यावर, सरकता मोकळा पाहिजे, त्याचा लॉक स्क्रू सोडा. आता हँडल फिरवा. ब्लेड ताणलं जाईल तसं वर्निअर उघडत जाईल. २०० एमएमला पाव एमएमच्या आसपास उघडलं की ब्लेडमध्ये साधारण २५० न्यूटन दर चौरस एमएमला ताण आला. बायमेटलला २५० ते ३०० च्या मधे ठेवतात. डिजिटल वर्निअर असेल तर अजून सोपं, शून्य करायचं आणि बघत बसायचं. मशीन अर्थात बंद, आणि क्लॅम्प काढल्याशिवाय सुरू करू नका, हे सांगायची गरज नाही पण आमच्याकडे एका पोराने केलंय.

२७ बाय ०.९ चं क्षेत्रफळ धरलं तर एका पट्टीत सहाशे किलोच्या आसपास ओढ येते, वरची आणि खालची पट्टी मिळून बाराशे किलो त्या चाकाच्या स्लाईडवर. सांगायचा मुद्दा, हाताच्या अंदाजाने हे होत नाही. आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी टेन्शन सोडून जा.

गुण्या_९०

वर्निअरची पद्धत झकास, पण सिझर टाईपवाल्यांना ३०० सांगू नका राव. डबल कॉलमची (दोन खांबांवर उतरणारी) मशीन असेल तर ताणा. या हलक्या बो फ्रेमवाल्या मशीनला ओव्हर ताणलं की चाकाचा शाफ्टच आत झुकतो, ट्रॅकिंग (ब्लेडचं चाकावर सरळ धावणं) बिघडतं, ब्लेडची पाठ चाकाच्या कॉलरवर घासायला लागते आणि मग पाठीकडून चिरा. २५० च्या खालीच राहू दे, गाईड जवळ घेतला की पुरतं.

भोसरी_टूलरूम

२५० वर मान्य. पण त्याच्या खाली १०० च्या सॉलिडला मी तरी जाणार नाही.

बुटीबोरी_पाईप

भाऊ, मधे घुसतो, माझा प्रश्न पण ब्लेडचाच आहे. आमचं काम सगळं पाईप आन् चौकोनी ट्यूबचं, भिंत ३ एमएम, कधी २. ब्लेडचे दातच झडून जातात, एकदा एक झडला की अर्ध्या तासात पूर्ण पट्टा साफ. ४/६ चं ब्लेड आहे, कारण मधेमधे सॉलिड पण येते. फीड कमी केलं तरी तेच. पाच-सहा पाईप एकदम बांधून कापतो, टाईम वाचवाले.

गुण्या_९०

बुटीबोरी भाऊ, ४/६ म्हणजे एका इंचात सरासरी पाच दात. ३ एमएमची भिंत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. ब्लेड पाईपच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीतून जातं तेव्हा तिथे पूर्ण एक दात पण मावत नाही. म्हणजे भिंत दोन दातांच्या मधल्या खाचेत शिरते आणि पुढचा दात तिच्यावर जाऊन आपटतो. कमीत कमी तीन दात मटेरियलमध्ये पाहिजेत असा नियम आहे, पातळ भिंतीत तेवढे मावत नाहीत, म्हणून जमेल तितके बारीक दात घ्यायचे. ३ एमएमच्या भिंतीला ८/१२ घ्या, २ एमएमला १०/१४. सॉलिडसाठी वेगळं ब्लेड ठेवा, एकाच ब्लेडवर दोन्ही कामं काढायला गेलात की दोन्हीची वाट लागते.

गठ्ठ्याचं म्हणाल तर गठ्ठा कापायला हरकत नाही, पण आतला एखादा पाईप फिरला की दात गेलेच. बाजूचा व्हाइस सगळ्यांना सारखा पकडत नाही, मधला मोकळा राहतो. वरून दाबणारा क्लॅम्प लावा, नाहीतर गठ्ठ्याच्या टोकाला एकमेकांना वेल्डिंगचे छोटे टाके मारा. हे टाके चालतील, शिरोलीच्या गाईडसारखे नकोत.

आणि एक दात झडल्याबरोबर मशीन बंद. झडलेला तुकडा कटातच अडकून बसतो, तो एम ४२ चा, कडकपणा ६७-६८ एचआरसी, त्याच्यावर येणारा प्रत्येक पुढचा दात फुटतो. अर्ध्या तासात पट्टा साफ होतोय तो त्यामुळेच. तुकडा काढा, झडलेल्या दातामागचे दोन-तीन दात ग्राइंडरवर हलकेच उतार देऊन घासा, ब्लेड बरेच दिवस चालतं. आणि अर्ध्या कापलेल्या कटात नवीन ब्लेड कधी उतरवू नका. जुन्या ब्लेडचे दात घासून सेट बारीक झालेला असतो, कट अरुंद असतो, नवीन ब्लेड त्यात फसतं. पाईप फिरवून दुसऱ्या बाजूने नवा कट घ्या.

बुटीबोरी_पाईप

समजलं भाऊ. तो ब्रश कशाले असते ब्लेडजवळ, तो तर आमच्या मशीनचा कवाच गेला.

गुण्या_९०

अरे देवा. तो ब्रश आधी बसवा, बाकी सगळं नंतर. ब्लेड कटातून बाहेर पडतं तिथे दातांमधल्या खाचेत चिप चिकटून असते, ती ब्रशने झाडली नाही तर तीच चिप चाकावरून फिरून परत कटात येते. खाच आधीच भरलेली, नव्या चिपला जागा नाही, मग दात तुटतो नाहीतर ब्लेड तिरकं जातं. तारेचा ब्रश, तारा दातांच्या खाचेत बुडेल एवढाच पुढे, त्याहून आत नको, नाहीतर ब्रशच खाऊन टाकतं. झिजणारी वस्तू आहे, दोन स्पेअर ठेवा.

वाळूज_एसएस

माझं पण एक. ३०४ स्टेनलेसचा ७५ राऊंड. दोन-चार तुकडे झाले की किंचाळायला लागतं, कट पुढे सरकत नाही, कापलेलं तोंड काचेसारखं चकाकतं. ऑपरेटर फीड कमी करतो तर अजूनच बिघडतं. स्पीड ६५ मीटरवर आहे, तोच ईएन ८ ला पण असतो.

भोसरी_टूलरूम

स्पीड आहे तो. ३०४ ला ३० ते ४० मीटर पर मिनिट, आणि बायमेटलवर ३५ च्या आसपास राहिलात तर सुखात राहाल. ऑपरेटर उलटं करतोय, फीड कमी करून स्पीड तसाच ठेवतोय. ३०४ ला दात घासला की ते मटेरियल तिथल्या तिथे कडक होतं, वर्क हार्डनिंग म्हणतात ते हेच. फीड कमी केलं म्हणजे दात कापायचं सोडून घासायला लागला, घासलं की पृष्ठभाग कडक, कडक झालं की अजून घासतं. म्हणून स्पीड कमी करायचा पण दात मटेरियलमध्ये रुतला पाहिजे, चिप निघाली पाहिजे. आणि कट चालू असताना फीड थांबवून चहाला जाऊ नका!

तोंड एकदा चकाकलं की त्याच जागी परत उतरू नका, बार अर्धा फिरवा.

मशीनवर लिहिलेल्या स्पीडवर विश्वास ठेवू नका, पट्टा घसरत असेल किंवा पुली बदललेली असेल. चाकाचा व्यास मोजा. ४०० एमएमचं चाक असेल तर एका फेऱ्यात ब्लेड साधारण सव्वा मीटर जातं, म्हणजे मिनिटाला २८ फेरे झाले की ३५ मीटर. चाकाच्या कव्हरला झरोका असतो, चाकावर खडूची खूण करा आणि मोबाईलवर मिनिट लावून मोजा. कव्हर उघडं टाकून चालू मशीनवर मोजत बसू नका.

कूलंट_काका

एवढी चर्चा झाली पण कूलंटबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून काकांना लिहावं लागतंय. शिरोलीच्या पोस्टमध्ये निळसर चिप लिहिलंय. कूलंट नीट असेल तर ईएन ८ ची चिप निळी पडायचं कारण नाही, चांदीसारखी, सुटसुटीत वळलेली पाहिजे, हातात घेतली तर कोमट. (मशीन थांबवून घ्या, ग्लोव्ह घालून चालू ब्लेडजवळ हात नेऊ नका, ग्लोव्ह आधी अडकतो.) भुकटी येते म्हणजे फीड खूप कमी किंवा धार गेली. निळी आणि जाड येते म्हणजे त्या क्षणी फीड खूप जास्त. तुमच्याकडे दोन्ही एकाच कटात येतंय, याचा अर्थ बो (ब्लेड धरणारी, वरखाली होणारी फ्रेम) झटक्याने उतरतोय. सिलिंडरच्या तेलात हवा शिरली असेल किंवा सील गेलं असेल, बो वर उचलून हवेत खाली सोडून बघा, सावकाश एकसारखा आला पाहिजे, मधे अडखळून धपकन आला तर तेल बघा.

कूलंट ८ ते १० टक्के. रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटचा दाटपणा मोजायचं यंत्र) घ्या, एकदाच पैसे जातात. त्याच्यावरचा आकडा सरळ टक्के नसतो, तेलाच्या कंपनीने दिलेल्या आकड्याने गुणायचा. तेल पाण्यात ओतायचं, पाणी तेलात नाही, उलटं केलं तर दही फाटल्यासारखं होतं. बोअरचं जड पाणी असेल तरी फाटतं, वर साय येते. आणि ब्लेडच्या दोन्ही बाजूंना धार पडते का ते बघा. एका बाजूचं नोझल चोंदलं की त्या बाजूचे दात जास्त तापतात, लवकर जातात, आणि मग परत तेच, एकाच बाजूला तिरकं.

शिरोली_जॉबवर्क

मंडळी, अपडेट देतो. टाका ग्राइंडरने काढला, आटा मोठा केला, सरकता गाईड आता जबड्यापासून सव्वा इंचावर. पॅड काढून बघितलं तर बाहेरच्या बाजूच्या पॅडला गुण्या साहेब म्हणाले तशीच खाच, फिलर ०.२५ चा आरामात आत गेला. नवीन पॅड मिळेपर्यंत तेच पॅड वरखाली उलटं करून बसवलंय, न झिजलेली बाजू ब्लेडकडे आली. काकांनी सांगितलं तसं बो हवेत सोडून बघितला तर मधे एकदा अडखळत होता, तेलाची टाकी निम्मी होती, भरली आणि हवा काढली. नोझल दोन्ही चालू होते.

आता १०० च्या बाराला फरक ०.४ च्या आत येतोय, आणि तेही जुन्याच ब्लेडवर! लेथवाला आज काहीच बोलला नाही म्हणजे खूश आहे. टेन्शन वर्निअरने बघितलं, २०० ला ०.१५ एवढंच होतं, आणि आम्ही म्हणत होतो ताणलंय भरपूर. आता ०.२३ वर ठेवलंय, भोसरी आणि गुण्या दोघांचाही मान राखला.

एकच शंका राहिली. नवीन ब्लेड टाकल्यावर काय काळजी घ्यायची? आणि मागच्या महिन्यात एक ब्लेड बऱ्यापैकी धार असतानाच मधे तुटलं होतं, ते कशाने असेल? जॉइंटवर नव्हतं तुटलं.

भोसरी_टूलरूम

नवीन ब्लेडला पहिले चार-पाच कट, म्हणजे तुमच्या १०० च्या बाराचे, फीड निम्मं. स्पीड पण थोडा कमी. नव्या दाताचं टोक इतकं बारीक असतं की पहिल्याच कटाला पूर्ण लोड दिला तर ते बारीक बारीक तुटतं, डोळ्याला दिसत नाही पण धार तिथेच गेली. सुरुवातीला हलकं चालवलं की टोक जरा गोलसर होतं आणि मग टिकतं. नंतर फीड हळूहळू वाढवायचं, एकदम नाही. एसएसला मात्र फीड फार खाली आणू नका, वर लिहिलंय कारण.

नव्या ब्लेडची घडी उघडताना गॉगल घाला, ब्लेड उसळतं. आणि बसवल्यावर दात कुठल्या दिशेला आहेत ते बघा, उघडताना कधीकधी ब्लेड उलटं वळतं आणि दात उलट्या दिशेला येतात, तसं असेल तर आतबाहेर पलटायचं.

तुटलेलं ब्लेड ठेवलंय का? चीर दातांच्या मधल्या खाचेतून निघाली असेल तर थकवा, म्हणजे टेन्शन जास्त, फीड जास्त किंवा ब्लेडचं आयुष्यच संपलेलं. पाठीकडून निघाली असेल तर वरचं बॅकअप पॅड किंवा चाकाची कॉलर.

शिरोली_जॉबवर्क

ठेवलंय, पोराने खिळ्याला टांगून ठेवलं होतं. चीर पाठीकडूनच आहे, आणि त्याच पट्टीला अजून दोन-तीन ठिकाणी पाठीवर नखाला लागतील अशा बारीक चिरा आहेत.

गुण्या_९०

मग बॅकअप पॅडला पण खाच असणार. ब्लेड खालून वर दाबलं जातं तेव्हा पूर्ण लोड त्या पॅडवर येतो, त्याला खाच पडली की ब्लेडची पाठ तिच्या कडेवर घासून दबते, कडक होते, आणि तिथून चीर सुटते. बाजूची दोन आणि वरचं एक अशी तिन्ही पॅड एकदमच बदला दोन्ही गाईडची. आणि चाकांचं कव्हर उघडून कॉलर बघा, तिच्यावर चकाकी किंवा ब्लेडच्या जाडीची रेघ असेल तर ब्लेड तिच्यावर घासतंय. पाठ आणि कॉलरमध्ये एक-दीड एमएम फट राहील असं चाक झुकवायच्या स्क्रूने सेट करा, थोडा थोडा फिरवून, दरवेळी ब्लेड चालवून बघत.

चाकण_फॅब

हे कार्बाईड पॅड मिळतात कुठे? मशीनवाल्याने तर महिनाभर फिरवलंय आम्हाला.

गुण्या_९०

मशीनवाल्याची वाट बघू नका. जुन्या पॅडची लांबी, रुंदी, जाडी आणि भोकाची जागा मोजून घ्या. ब्लेड विकणाऱ्या बऱ्याच डीलरकडे कॉमन साईजची पॅड असतात. नाही मिळालं तर टूल ग्राइंडिंगवाल्याकडे जा, स्टीलच्या ठोकळ्यावर कार्बाईडची टिप ब्रेझिंग करून तो डायमंड व्हीलवर घासून देईल. घासताना समोरासमोरची जोडी एका मापात घासायला सांगा, नाहीतर ब्लेड परत एका बाजूला झुकलेलं बसेल. बसवल्यावर बेडवर गुण्या उभा करून ब्लेड काटकोनात आहे का ते दोन्ही गाईडजवळ बघा, मगच बोल्ट आवळा.